लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबेपर्यंत

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.४०
नवी वही, नवं काम. सरांनी आज लिफ्ट कंपनीची अ‍ॅनिमेशन फिल्म माझ्याकडे दिली. बारा सेकंद. लिफ्ट तळमजल्यावरून पाचव्यावर जाते, दार उघडतं, एक आजी बाहेर येतात. बस्स. डाव्या हातचा मळ! सर म्हणाले, हालचाल स्मूथ आणि नॅचरल हवी. मी म्हटलं, परवा देतो. त्यांनी कॅलेंडरवर चौदा तारखेला गोल केला. माणूस अजून मला ओळखत नाही.

माझे ट्रायलचे तीन महिने पंधराला संपतात. फिल्म पास झाली तर नोकरी पक्की, शिवाय खिडकीजवळचं टेबल. टेबलावर ठेवायला एक झाड बघून ठेवलं.

४ मार्च
झालीसुद्धा. दोन कीफ्रेम टाकल्या. पहिल्या खुणेला लिफ्ट खाली, दुसऱ्या खुणेला वर. मधलं सगळं कॉम्प्युटर भरतो.

दुपारी ४. सरांनी पाहिली. म्हणाले, हिसका देऊन सुटते आणि धाडकन थांबते, आजींचं डोकं छताला आपटेल. कॉम्प्युटर जुना आहे, हे मी नम्रपणे लक्षात आणून दिलं.

५ मार्च
बायको फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन झालेल्यांना पुन्हा चालायला शिकवते. सध्या तिचे वडील, म्हणजे माझे सासरे, गुडघा बदलून आमच्याकडेच आहेत आणि हॉलमध्ये तिच्या हुकमावर येरझाऱ्या घालतात. जेवताना तिने फुकटचा सल्ला दिला. म्हणे, कुठलंही वजन एकदम वेग घेत नाही आणि एकदम थांबत नाही. मी म्हटलं, लिफ्टला गुडघे नसतात. ती हसली. सासरेही हसले.

संकल्प: घरी कामाचा विषय काढायचा नाही.

६ मार्च. दुपारी १
सापडलं! बाउन्स! इंटरनेटवर सगळे तेच करतात. लिफ्ट पाचव्या मजल्याच्या थोडी वर जाते, खाली येते, पुन्हा वर, मग स्थिरावते. केवढा जिवंतपणा! दारालाही बाउन्स दिला, बटणालाही, आजींनाही. चाळीस वेळा पाहिली. चहा गार झाला.

आज घरूनच काम करत होतो. सासऱ्यांनी येरझाऱ्या थांबवून मागून डोकावून पाहिलं आणि विचारलं, जावईबापू, यात किती माणसं दगावली? त्यांनी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्तीचं काम केलं, त्यामुळे नजर जरा मेकॅनिकल आहे. कलेचं अंग नाही.

७ मार्च
मीटिंग. लिफ्ट कंपनीच्या मॅडमनी विचारलं, आमची लिफ्ट मजला चुकते का? मी म्हटलं, ही स्टाइल आहे. त्या म्हणाल्या, ही स्टाइल आमच्याकडे झाली तर बिल्डिंग रिकामी करतात. सरांनी लॅपटॉप मिटला.

एकंदरीत चर्चा चांगली झाली.

१० मार्च
नवी दिशा: मोशन ब्लर. लिफ्ट इतकी धूसर केली की हिसका दिसतच नाही. सर म्हणाले, लिफ्टही दिसत नाही. आणि कंपनीचं नावही. मग शांतपणे म्हणाले, शुक्रवारी जमलं नाही तर आपण दुसरा कोणीतरी बघू.

आपण म्हणाले. म्हणजे मीही बघायचा? झाडाचा बेत तूर्त पुढे ढकलला.

११ मार्च
संशोधन. समोरच्या बारा मजली इमारतीत स्टॉपवॉच घेऊन चौदा वेळा वर-खाली केलं. सासरे सोबत येतो म्हणत होते. त्यांना त्रास नको म्हणून नको म्हटलं. वॉचमनने तीनदा विचारलं, कुणाकडे जायचंय. निष्कर्ष: ११ सेकंद. कुठून कुठपर्यंत, ते लिहायचं राहिलं. मळमळतंय.

१२ मार्च. सकाळी ८
सासऱ्यांनी विचारलंच, म्हणून त्यांना ग्राफ दाखवला. रेघ चढली की वेग वाढतो, उतरली की कमी होतो. हॅन्डल ओढून रेघेचा आकार बदलता येतो. ते एकदम ताठ बसले. म्हणाले, ब्रेक लावताना आम्ही हेच तर करायचो. लिफ्टच्या फरशीवर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवायचा आणि लिफ्ट वर न्यायची. थेंब सांडला तर पुन्हा सेटिंग. मी म्हटलं, छान आठवण आहे. कशालाही हात लावू नका, असं सांगून आंघोळीला गेलो.

८.२५. बाहेर आलो तर माझ्या खुर्चीत सासरे, चष्मा कपाळावर, हातात माउस. म्हणाले, सुटताना थोडं सांभाळलंय, थांबताना जास्त. माणसाला थांबणं जास्त जाणवतं. उशीर होत होता, म्हणून बघत बसलो नाही. सेव्ह करून निघालो.

१४ मार्च. दुपारी १२.१५
पास!!! मॅडमनी तीनदा पाहिली. म्हणाल्या, लिफ्ट थांबली कधी ते कळलंच नाही. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे कसं जमवलं? मी म्हटलं, अनुभव, सर. चौतीस वर्षांचा. सर म्हणाले, तुम्ही एकतीस वर्षांचे आहात.

मग सांगावं लागलं. बरंचसं.

१७ मार्च, सोमवार
नोकरी पक्की. सरांनी खास बोलावून सांगितलं. शेवटी विचारलं, सासऱ्यांना आठवड्यातून तीन दिवस सकाळी वेळ असतो का? कंपनीची पुढची फिल्म सरकत्या जिन्याची आहे.

असतो. ते आजच आले, इस्त्रीचा शर्ट घालून. इतकं खूश मी त्यांना ऑपरेशननंतर पहिल्यांदाच पाहिलं, आणि मलाही मनापासून बरं वाटलं. खिडकीजवळचं टेबल त्यांना मी स्वतःहून देऊ केलं. पाय लांब करायला तिथेच जागा आहे आणि ते आधीच बसले होते. मी स्टूल आणलं. कीफ्रेमना हात लावायचा नाही, एवढंच त्यांनी सांगितलंय. पाण्याचा ग्लास मात्र पूर्णपणे माझ्या अखत्यारीत.

पॅन्ट्रीतून काठोकाठ भरून आणला. टेबलापर्यंत अर्धा पोहोचला. सासऱ्यांनी माझ्या ओल्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाले, जावईबापू, परत जा. निघताना हळू, थांबताना त्याहून हळू.