डावीकडे सायकल

३ नोव्हेंबर, सोमवार

आज यांनी सायकलवाल्या पोरीला पाहिलंच नाही!

फुलं घेऊन बाजाराला जाताना, शहराच्या तोंडाशी, नवसारीच्या अलीकडे. गाडीच्या दोन्ही बाजूंना शेवंतीची पोती बांधलेली, मी मागे बसलेली. रस्ता मोकळा. पोरगी डाव्या कडेने, पांढऱ्या पट्ट्याच्या आतून, आपली सरळ चाललेली. मला वाटलं, आता हे जरा उजवीकडे घेतील. घेतलंच नाही. पोतं तिच्या हँडलला घासलं. मी किंचाळले. ती मुरमात उतरली, पाय टेकला, कशीबशी सावरली. पडली नाही.

यांनी पुढे जाऊन गाडी थांबवली. "काऊन ओरडली वं?"

"अहो, सायकल! पोरगी!"

"कोन पोरगी?"

मान पूर्ण मागे वळवली तेव्हा दिसली त्यांना. म्हणे, "अचानक आली थे." अचानक कुठून येणार? केव्हाची आमच्या पुढेच तर होती!

शिवी दिली असती, "कडेनं चालता येत नाही का" म्हटलं असतं, तर मला काही वाटलं नसतं. पण "कोन" म्हणाले. बाजारात दिवसभर तोच शब्द डोक्यात.

५ नोव्हेंबर, बुधवार

लग्नसराई आहे, झोप अर्धवट होते, डोकं दुसरीकडे असेल — असं कालपासून स्वतःला समजावते आहे.

आज फाट्यावर श्रावण दूधवाला डाव्या बाजूने मोटारसायकलवर आला. आमच्या बरोबरीने बराच वेळ चालला. हात केला, हसला. यांचं लक्ष नाही. मग तो ओरडला, "राम राम शालिकभाऊ!" तेव्हा हे असे दचकले की गाडी हेलकावली.

पण समोरून येणाऱ्या एसटीची पाटी मला दिसायच्या आत यांनी वाचली! सकाळी बिनचष्म्याने पेपर वाचतात. मग हे काय आहे? लांबचं दिसतं, बाजूचं दिसत नाही — असं असतं का कुठे?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

करू नये ते केलं. हे अंगणात बाजेवर चहा पीत बसले होते. मी डाव्या अंगाने हळूच तांब्या पुढे धरला. काही नाही. आणखी पुढे नेला. काही नाही. नाकाजवळ आला तेव्हा एकदम मागे सरले. चहा सांडला.

"भूत हायेस का तू!"

मी हसले. तेही हसले. आत येऊन मी चुलीपुढे बसले, पण भाकरी थापता येईना.

९ नोव्हेंबर, रविवार

आता गाडीवर मी फुलांकडे पाहत नाही. रस्ता पाहते. आजवर हा रस्ता मी असा पाहिलाच नव्हता. शाळेच्या पोरी तिघी-तिघी गप्पा मारत सायकली चालवतात. संत्र्यांचे ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. कारवाले मागून हॉर्न देत राहतात, की हे डावीकडे दाबतात — आणि डावीकडेच तर सायकली!

मी यांच्या खांद्यावर थाप मारायला लागले. "डावीकडे सायकल." "डावीकडे म्हातारा बुवा." दोन-तीनदा ऐकून घेतलं. मग चिडले.

"तू मांगं बसून गाडी चालवून राहिली का?"

"तुमाले दिसली का ते सायकल?"

"दिसली ना! आंधळा हाओ का मी?"

 पण मी थाप सोडली नाही.

दोन वर्षांपासून हे मला रोज बाजारात सोबत नेतात. आधी कधी नेत नसत. इर्विन चौकातल्या टपरीवर कचोरी खाऊ घालतात, मगच परत. शेजारणी म्हणतात, जयवंता, या वयात तुझा थाट आहे! खोटं कशाला लिहू — मलाही तसंच वाटायचं. आता मागे बसताना एक हात यांच्या खांद्यावरच असतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

डावीकडे सायकल. डावीकडे ऑटो. डावीकडे शेळी. घसा बसला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रागिणीला अकोल्याला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबाले पहिले गाडीवरून उतरव. मग डॉक्टर. मी येतो रविवारी." लेक माझी, पण बोलायला बापासारखी — तोडून टाकते.

जेवताना मी विषय काढला. यांनी ताट सरकवलं. "त्या कॅलेंडरवरचं बारीक वाचून दाखवू का तुले? कोनता डॉक्टर पाह्यजे?" वाचून दाखवलंच! तिथी, नक्षत्र, सगळं. 

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज बसले नाही गाडीवर. म्हटलं, "डोळे दाखवाले चाला, मंग बसतो." मला वाटलं, माझ्याशिवाय जाणार नाहीत.

यांनी पोती बांधली. किक मारली. माझ्याकडे न पाहता गेले.

दारात उभी आहे. आत जावंसं वाटत नाही. मी चूक केली का?

त्याच दिवशी, दुपारी

पौर्णिमाला उडवलं यांनी! आपल्या देवानंदभाऊजींची पौर्णिमा! समोरच्या घरातली. सायकलने कॉलेजला चालली होती. वळणावर हे डावीकडे गेले, पोतं तिला लागलं, ती सायकलसकट नालीत. मागून कार येत होती — त्या माणसाने ब्रेक दाबला म्हणून. नाहीतर... लिहवत नाही.

मनगट मोडलं आहे. हनुवटीला टाके. कारवाल्यानेच दवाखान्यात नेलं. यांना खरचटलंसुद्धा नाही. घरी येऊन ओट्यावर बसले. मी विचारलं तर म्हणाले, "मधात आली थे."

मी गाडीवर असते तर ओरडले असते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गावाने निकाल लावून टाकला. पोरींच्या हातात मोबाईल असतो. कानात वायरी असतात. पोरींना सायकल देऊच नये. शालिकराम तीस वर्षांपासून गाडी चालवतो, कधी कोणाला धक्का लागला का?

पिशवीत संत्री घेऊन दवाखान्यात गेले. पौर्णिमा झोपलेली. देवानंदभाऊजी उलट मलाच म्हणाले, "वहिनी, तुमी कायले मनाले लावून घेता? आमच्याच पोट्टीचं ध्यान नसन."  संत्री ठेवली आणि आले.

रागिणीला सांगितलं. म्हणाली, उद्या येतेच. पण तिची पोर तापाने फणफणली आहे — म्हटलं, आधी लेकराचं पाहा.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पौर्णिमाला घरी आणलं. हे शेतात गेल्यावर मी गेले तिच्याकडे. ती एकटी होती. हाताला प्लास्टर, हनुवटी सुजलेली.

"काकू, माह्यापाशी मोबाईल नव्हता. दप्तरात होता. बंद."

"हाव माय."

"मी एकदम कडेनं होती. वळण आलं म्हनून हातपन दाखवला. काकाजीनं माह्याकडं पाह्यलं, काकू! अशी मान केली माह्याकडं. मले वाटलं, दिसली मी त्यायले. तरी आले अंगावर. काऊन आले?"

तिला वाटतं यांनी मुद्दाम केलं! लेकराला लहानपणापासून यांनी खांद्यावर खेळवलं आहे, आणि ती मला विचारते, काकाजींचा माझ्यावर राग आहे का.

शिवाय तिच्या बाबांनी सांगितलं आहे, सायकल बंद. गावातून तिच्यासोबत जाणारं कोणी नाही, कॉलेजच्या वेळेला एसटी नाही. म्हणजे कॉलेजच बंद. बारावीचं वर्ष आहे तिचं.

मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि उठून आले. सांगितलं नाही. सांगता आलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज हे पुन्हा गाडी घेऊन गेले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बोलले मी. सगळ्यांसमोर बोलले.

संध्याकाळी देवानंदभाऊजींच्या ओसरीत उत्तमराव आले होते — गावात कुठे काही झालं की मिटवायला तेच येतात. आम्हा दोघांनाही बोलावणं आलं. चहा झाला. उत्तमराव म्हणाले, "शेजारधर्म हाये, दोन घरात तेढ नको. पोट्टीनं शालिकभाऊची माफी मागावं अन् विषय संपवावा." माफी! हात तिचा मोडला आणि माफी तिनेच मागायची! यांच्याकडे पाहिलं. हे जमिनीकडे पाहत होते.

पौर्णिमा आतून आली. रडून डोळे लाल. प्लास्टरचा हात छातीशी धरलेला. उभी राहिली आणि म्हणाली, "काकाजी, माह्यी चू—"

"थांब!" मी म्हटलं. इतक्या जोरात की उत्तमरावांच्या हातातली बशी हलली. "तुह्यी चूक नाई. यायले बाजूचं दिसत नाई. डावीकडचं तर काहीच नाई. मले पंधरा दिवसांपासून मालूम हाये."

 देवानंदभाऊजी एकदा माझ्याकडे, एकदा यांच्याकडे.

"वहिनी, काय बोलता..."

"खरं तेच बोलतो. आदल्या हप्त्यातबी एका पोरीले पोतं घासलं. मी मांगं होती. म्या ओरडली म्हनून वाचली."

यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी अगदी समोर होते. त्यांना स्वच्छ दिसले असेन.  उठले आणि निघून गेले. जाताना ओसरीच्या डाव्या खांबाला खांदा आपटला. सगळ्यांनी पाहिलं.

पौर्णिमा खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली. तिच्या आईने आतून येऊन तिला जवळ घेतलं. माझ्याशी कोणी बोललं नाही. मी तशीच घरी आले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

जेवले नाहीत. माझ्याशी बोलत नाहीत. गाडी अंगणात उभी. चावी देवघरात ठेवलेली दिसली. मी ठेवली नाही.

फुलं गावातल्या मालऑटोने पाठवली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

रागिणी आली. चप्पल काढायच्या आत बापासमोर उभी. "सोमवारी माह्यासंग अकोल्याले चालता का नाई?" मला वाटलं, आता भांडण. हे म्हणाले, "चाल." तेवढंच.

हे समोरच्या घरी अजून गेले नाहीत. देवानंदभाऊजी रस्त्यात भेटले तर मान वळवतात. मात्र पौर्णिमाची सायकल दुरुस्त होऊन आली आहे. ओसरीत उभी आहे. सकाळी झाडताना पाहिली.

२४ नोव्हेंबर, सोमवार — अकोला

काचबिंदू.

एका पांढऱ्या मशीनमध्ये डोकं घालून बसवलं, ठिपका दिसला की बटण दाबायचं. हे बसले, आम्ही बाहेरून पाहत होतो. शेजारच्या पडद्यावर ठिपके येत होते आणि यांचा अंगठा हलत नव्हता. नंतर डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला. मधे थोडी उजेडाची जागा, बाकी सगळं काळं. डावीकडे तर काळंच काळं. म्हणाल्या, "नळीतून पाहिल्यासारखं दिसत असेल यांना. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. गेलेली नजर परत येणार नाही. राहिलेली सांभाळायची — रोज थेंब. गाडी मात्र आजपासून बंद."

मग यांना विचारलं, "केव्हापासून जाणवतंय, काका?"

हे म्हणाले, "दोन वर्षं होत आली."

दोन वर्षं! मी त्यांच्याकडे पाहतच राहिले.

बाहेर बाकावर बसलो. रागिणी औषध आणायला गेली होती. मी विचारलं, "म्हनून मले सोबत नेत होते का तुमी?"

यांनी हातातल्या कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "तू ओरडतेस ना वेळेवर." आणि थोड्या वेळाने, "एकट्याले भेव लागे मले."

मला रडू आलं नाही. राग आला. त्या कचोऱ्या आठवल्या, शेजारणींचं बोलणं आठवलं. माझ्या ओरडण्याच्या भरवशावर हे दोन वर्षं लोकांच्या लेकरांच्या अंगावरून गाडी नेत होते! तसं बोललेही मी. यांनी ऐकून घेतलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना यांनी हात पुढे केला. धरला मी. न धरून काय करणार?

डॉक्टरीणबाई रागिणीलाही म्हणाल्या, रक्ताच्या नात्यात येतं हे, तुम्हीपण तपासून घ्या. ती म्हणाली, "घेईन कधीतरी. मले सगळं चांगलं दिसते." मी तिला तिथेच दटावलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळ-संध्याकाळ यांच्या डोळ्यांत थेंब टाकते. तोंड वर करून लहान मुलासारखे बसतात. आज थेंब टाकताना म्हटलं, "पौर्णिमाले भेटून या एकदा." डोळे मिटून घेतले. "कोनत्या तोंडानं जाऊ?"

पौर्णिमा सायकल घेऊन अंगणात फेऱ्या मारते. एका हाताने. कॉलेजला अजून जात नाही. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की थांबते आणि भिंतीला चिकटून उभी राहते.

२ डिसेंबर, मंगळवार

रागिणीचा फोन. तपासून घेतलं तिने. तिलाही आहे. रोज पोरीला स्कूटीवर बसवून शाळेत सोडते, आणि तिलाही आहे.

पण सुरुवातच आहे. काही गेलेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार वेळेवर आलीस, तुझी नजर वाचेल.

यांना सांगितलं. हे बाजेवरून उठले. मग पायात चपला घातल्या आणि कुंपणाला हात लावत लावत रस्ता ओलांडला. इथून मला हाक ऐकू आली —

"पौर्णिमा... हायेस का वं माय घरात?"