नागपूर यादीत नाही

१ फेब्रु. ८८, सोम.
पुण्याहून फ्लॉप्यांचा डबा आला. भोयर साहेबांनी चपला बाहेर काढून, हात धुऊन उघडला. दुकान त्यांचं, मशीन त्यांची, पण चालवणारी मी, म्हणून माझेही हात धुवायला लावले. दिवसभर एकेक फ्लॉपी घालून पाहिली. पत्रं लिहायची – कामाची. टायपिंग शिकवायची – कामाची, पण चुकलं की किंचाळते. बुद्धिबळाची – तिनं मला सतरा चालींत हरवलं, तो विषय नको. रस्त्यावरच्या गाडीचा खेळ – साहेब तिच्यासमोरून उठेनात. एकीत डॉक्टर आहे. आपण जे लिहू तेच उलट विचारतो. ‘मला कंटाळा आला आहे’ लिहिलं, तर म्हणे, ‘कंटाळा आला आहे असं तुम्हाला का वाटतं?’ आई अगदी असंच बोलते.
पत्रिकेची फ्लॉपी दिवाळीपासून आहेच. धरमपेठेतलं हे दुकान तिच्यावर चालतं. बाकी सगळी गंमत.

४ फेब्रु., गुरु.
धाकट्या बहिणीला, ज्योला, पाहायला वाडीचे राऊत आले होते. अमरावती रोडला ट्रान्सपोर्टचं गोदाम. मुलगा प्रकाश. कमी बोलतो, बशीतला चिवडा मात्र पूर्ण संपवला. बोलायचं काम त्याच्या आईकडे. राऊतकाकू म्हणाल्या, “पत्रिका कम्प्युटरचीच पाह्यजे बरं. हातानं लिहिलेली नाई चालत आमाले. प्रकाशची बी तुमच्याच तिथून काढली हाय.”
ज्योची हाताची पत्रिका वाळवीनं कधीच खाल्ली. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मशीन मी बनवली. एम.एस्सी. गणित, आणि नोकरी ही. हसू आलं, थोडा रागही आला.

६ फेब्रु., शनि.
प्रकाश दुकानात आला, “मशीन पाहून जावं म्हटलं.” आणि ज्यो नेमकी आज माझा डबा द्यायला! डबा मी सकाळी स्वतः नेला होता, हे दोघांपैकी कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. साहेबांनी गाडीचा खेळ लावून दिला. प्रकाशनं गाडी आठ वेळा आपटली.
ज्यो : “ट्रान्सपोर्टवाले ना तुम्ही?”
प्रकाश : “आमच्या ट्रकले असे बटन नाई राहत.”
इतकी हसली की ठसका लागला. घरी येताना पूर्ण रस्ता गप्प, पण वेगळी गप्प. मला बरं वाटलं. हे जमावं असं मनापासून वाटतं.

९ फेब्रु., मंगळ.
ज्योची पत्रिका काढली. प्रिंटर करकरत राहिला, मी पुढचं गिऱ्हाईक पाहत होते. मग कागद फाडून वाचला. मंगळ दोष – येस. चौथ्या घरात.
मी हे काही मानत नाही. तरी तीनदा वाचलं. बाबांना दिला. न देता हरवला म्हटलं असतं तर? पण तेव्हा सुचलंच नाही.

११ फेब्रु., गुरु.
वाडीहून निरोप. प्रकाशला मंगळ नाही, मुलीला आहे, तेव्हा माफ करा. राऊतकाकूंचे शब्द निरोप्यानं जसेच्या तसे सांगितले : “पोट्टी सोन्यासारखी हाय, पण मशीन काय कोणाची सोयरी हाय का खोटं बोलाले?”
ज्यो भांडी घासत होती. घासतच राहिली. घासलेलीच पुन्हा.

१६ फेब्रु., मंगळ.
ज्यो बालवाडीत शिकवायला जाते, येते, जेवते. माझ्याशी नीट बोलते, तेच वाईट. भांडली असती तर मलाही भांडता आलं असतं.
माझ्या वेळी महालातल्या गुरुजींनी हातानं मांडली होती. मला मंगळ निघाला, दोन स्थळं गेली, मग मीच विषय बंद केला. बारा वर्षं झाली. तेव्हा गुरुजींचा राग राग केला. आता तेच काम मी करते, तेही पंधरा मिनिटांत.

२२ फेब्रु., सोम.
जेवण तसंच ठेवून लिहायला बसले.
दुपारी एका बाईंची पत्रिका काढताना जन्मगाव चुकीचं टाइप झालं. नागपूरची अक्षरं उलटसुलट. मशीननं हूं की चूं केलं नाही, सरळ पुढे गेली. मला शंका आली. गिऱ्हाईक गेल्यावर जन्मगाव म्हणून ‘पोळी’ टाइप केलं. तेही चाललं! पत्रिका तीच, अंशाअंशानं तीच. मग ‘मुंबई’ टाकलं. तीच.
म्हणजे नागपूर तिच्या यादीतच नाही. जे गाव ठाऊक नाही त्याला ती गुपचूप मुंबई धरते. दिवाळीपासून मी ज्यांना ज्यांना पत्रिका दिल्या, ते सगळे मुंबईत जन्मले. आपल्याकडे सूर्य मुंबईपेक्षा पंचवीसेक मिनिटं आधी उगवतो. तेवढ्यात लग्नरास, म्हणजे जन्मवेळी उगवणारी रास, बदलू शकते, लग्नरास बदलली की मंगळाचं घर बदलतं.
गावाऐवजी अक्षांश-रेखांशांचे आकडे हातानं घालायची सोय होती. मी कधी वापरली नव्हती. नागपूरचे आकडे घातले आणि ज्योची पुन्हा काढली. मंगळ तिसऱ्या घरात. दोष – नो.
मी मोठ्यानं ओरडले. साहेब खेळ सोडून आले.

२३ फेब्रु., मंगळ.
साहेब काल ऐकून परत खेळाकडे गेले होते. आज बोलले. “म्याडम, ज्याचं लगन लागलं, ज्याचं मोडलं, सगळं होऊन गेलं. आता त्याईले काहून उठवता?”
मी म्हटलं, निदान पाटी लावू, जुन्या पत्रिका फुकट तपासून देऊ. “दुकान बंद पडन ना मग!” माणूस वाईट नाही. घाबरला आहे. नावं-पत्ते ठेवलेले नाहीत, नाहीतर मी घरोघरी गेले असते.
संध्याकाळी माझीही काढली, नागपूरच्या आकड्यांनी. मंगळ आहे. चला, माझं तरी बरोबर गणितानं मोडलं. आणि हे लिहिताना रडू का यावं, कळत नाही.

२८ फेब्रु., रवि.
बाबा नवा कागद घेऊन वाडीला गेले. मी सोबत. आधी महालातल्या गुरुजींकडून हातानं पडताळून घेतलं होतं, तेही म्हणाले मंगळ नाही.
राऊतकाकूंनी दोन्ही कागद मांडीवर ठेवले. जुना, नवा. मग माझ्याकडे पाहिलं.
“पहिला काढला तवा तुमाले माहीत नव्हतं काय निघन ते. दुसरा काढला तवा माहीत होतं. मंग खरा कोन्ता?”
मी मुंबईचं, सूर्याचं, यादीचं सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, “मशीन चुकत नाई वं. मानूस चुकवते.” गुरुजींचं सांगितलं, तर म्हणे हातचं गणित काय, कोणीही करून देतं.
प्रकाश दारात उभा होता. काही बोलला नाही. त्याचा मला फार राग आला.
परतताना बसमध्ये बाबा म्हणाले, “आयुष्यात मले कोणी खोटारडा नाई म्हटलं होतं.” त्यांना थेट कोणी म्हटलं नव्हतं. मला म्हटलं होतं. पण त्यांना लागलं.

५ मार्च, शनि.
पाटी लावली. साहेबांना न विचारता, पुठ्ठ्यावर, ठळक अक्षरात : नागपुरात जन्मलेल्यांनी जुनी पत्रिका तपासून न्यावी, फुकट. साहेब आले, वाचलं, आत गेले. थोड्या वेळानं बाहेर येऊन पाटी सरळ केली. वाकडी लागली होती म्हणे. माणूस मला आज नव्यानं कळला.

९ मार्च, बुध.
लकडगंजचे एक लाकूडवाले आले. मुलीची जुनी पत्रिका खिशात, घड्या पडून फाटायला आलेली. मी नव्यानं काढली. मुलीचा मंगळ गेला. त्यांनी कागद हातात धरला, इंग्रजी वाचता येत नाही, मला तीनदा वाचायला लावलं. मग खुर्चीवर बसून रडले. “हातानं काढलेलीत नव्हता, अन् दिवाळीत तुमच्या मशीनमध्ये निघाला होता ना बाई.”
मला पाणीसुद्धा विचारायचं सुचलं नाही.

१४ मार्च, सोम.
दुकान उघडताच राऊतकाकू. एकट्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही. “पाटी पाह्यली. प्रकाशची काढून द्या. माह्यासमोर.”
माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. मी प्रत्येक आकडा बोलत बोलत घातला, त्या पडद्यावर बोट ठेवून पाहत होत्या. प्रिंटर थांबला. त्याचा दुसऱ्या घरातला मंगळ पहिल्यात आला होता.
मी वाचलं. त्यांनी विचारलं, “म्हंजे?”
“म्हणजे मंगळ आहे. प्रकाशला.”
“माय वं!” एवढंच. पदराचं टोक बराच वेळ बोटाला गुंडाळत राहिल्या. मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. बाईचा चेहरा पार उतरला होता.
मग एकदम वर पाहिलं. “तुमच्या जोत्स्नालेबी मंगळच हाय ना? पहिल्या कागदात?”
मी म्हटलं, पहिला कागद चुकीचा होता.
“पहिला खराच होता,” त्या म्हणाल्या. “मंगळाले मंगळ चालते. मंग अडलं काय?” आणि कागद घेऊन निघूनही गेल्या.

१६ मार्च, बुध.
वाडीहून निरोप. रविवारी येतात, सुपारी फोडायला. एकच अट. काकूंच्या मोठ्या दिरांच्या कानावर ज्योच्या दोन कागदांची गोष्ट गेली आहे. त्यांच्यासमोर मी एवढंच म्हणायचं की दुसरा कागद बहिणीच्या मायेपोटी मीच बदलला होता. मग पहिला खरा, दोघांना मंगळ, काम झालं.
आई म्हणाली, “म्हणून टाक. काय जाते आपलं?”
बाबाही तेच म्हणाले, “पोरीचं होते ना, कुंदा.”
ज्यांना खोटारडा शब्द लागला होता, ते हेच बाबा.

१८ मार्च, शुक्र.
काल आणि आज हेच डोक्यात. मी मंगळ मानत नाही. मग त्याच्याबद्दल खोटं बोलले तर काय बिघडलं? डोकं म्हणतं काही नाही. पण मी कागद बदलला म्हटलं, की पाटी लावल्यापासून दिलेले सगळे कागद बदललेले ठरणार. लकडगंजच्या त्या माणसाचाही. राऊतकाकूंचे मोठे दीर तिकडेच लाकडाच्या धंद्यात आहेत, दोन दिवसांत गोष्ट त्या गल्लीत पोचेल. त्या लाकूडवाल्यांची मुलगी पुन्हा मंगळाची. आणि आजवर मी जी एकच गोष्ट चोख केली, ती मीच खोटी म्हणून सांगायची.
दुसरीकडे ज्यो. काल बालवाडीतून येताना तिनं चिवड्याचं सामान आणलं. कशाला, ते विचारलं नाही.
साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “दुकानाची काळजी नका करू म्याडम. पण मले नका विचारू काय करावं.”

२० मार्च, रवि. सकाळ
अकराला येतात. आईनं पाट मांडले. बाबांनी दोनदा दाढी केली. ज्यो तयार होऊन स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. मला वाटलं, विनवणी करेल, आणि मी तयार होते, केली असती तर बरंच सोपं गेलं असतं.
ती म्हणाली, “ताई, तू काय म्हणणार ते आत्ताच सांग. म्हणजे मी त्या हिशोबानं तोंड करून बसते.”
मलाच माहीत नाही. तिनं माझ्या खांद्यावरचा पदर नीट केला आणि बाहेर जाऊन बसली.
गल्लीत जीप वळली. बाबा हाक मारून राहिले, कुंदा, दार तूच उघड.