डिकीतला गंज

मंगळवार, १४ मे

गाडी विकायच्या जाहिरातीत मी डिकीतल्या गंजाचा फोटोही टाकला म्हणून बाबा सकाळपासून चिडले होते. पण लपवायचा कसा? नळाला पाणी नाही म्हणून दोन उन्हाळे छावणी भागात राहणाऱ्या मामांकडून पाण्याचे कॅन आणले, त्यानंच डिकी गंजली. आणि गाडी विकायची ती मला शिकवणी सुरू करायचीय त्या भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट भरायला. माझ्यामुळेच गिऱ्हाईक आलं नाही तर?

संध्याकाळी चिकलठाण्याच्या नव्या कॉलनीतून एक जोडपं आलं. बाईंनी आधी डिकीच उघडली. मी घाईनं म्हणाले, "ताई, फोटोत दिसतो त्याहून गंज जास्त आहे."

"बघा, विकणारीच भाव पाडायलीय!" त्या नवऱ्याला म्हणाल्या.

नवरा वाकून बघत म्हणाला, "पाण्याचे कॅन व्हय? आमची स्कूटर बी अशीच गंजली."

बाबा दिवसभरात पहिल्यांदा हसले.

गाडीचं उद्या कळवतो, असं ते दोघं म्हणाले. निघताना बाईंनी विचारलं, गाडी का विकताय? खरं ते सांगितलं. वाटलं, चुकलं का माझं?

बाई म्हणाल्या, "मग आमच्या पोरीला घ्या की शिकवणीला. सहावीत हाय, गणितात लई कच्ची."

खोली नाही, फळा नाही, आणि मी म्हणून बसले, "सोमवारपासून पाठवा. आमच्या गच्चीवर."