कुरवांचा वाटा

बा, तुला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी माझा राग काही उतरलेला नाही. ठाण्याच्या कचेरीत नकला करून बोरू झिजवणारा तुझा मुलगा आज स्वतःसाठी लिहायला बसलाय, तर पहिली ओळ ही अशी.

आपल्या कोलशेतच्या खाडीत आजाच्या वेळेपासूनची रीत होती. दिवाळीनंतर समुद्राकडून कुरवांचे थवे आले की होळीपर्यंत आतल्या फाट्यात जाळं लावायचं नाही. तिथली बारीक मासळी पाखरांची. ती जिथे झेपावतील तिथे खाली मोठी मासळी आलीय असं समजून होडी वळवायची. तू म्हणालास, "पाखरांना कशाला पोसायचं? खातात ते आपलंच." आणि फाट्याच्या तोंडावर बारीक डोळ्यांचं जाळं ताणलंस. टोपल्याच्या टोपल्या मासळी सुकवून शेतांना खत म्हणून दिलीस. मोठा शहाणा!

त्याच वर्षीच्या पौषात मी चिखलात उभा आहे. कुरव मरून पडलेत. पिल्लं नव्हेत, पुरे वाढलेले, पंख शाबूत. एक उचलतो तर हाताला वजनच लागत नाही, छातीचं हाड तेवढं टोचतं. तो तुझ्यापुढे धरला, तर साऱ्या कोळीवाड्यासमोर थोबाडीत मारलीस. "पाखरांची कीव येते त पाखरांचे घरा जेव!" पुढच्या थंडीत मूठभर आले, त्याच्या पुढच्या थंडीत तेही नाहीत. मग मासळी कुठे आहे ते दाखवणारंच कुणी उरलं नाही, आणि बारीक मासळी उपसल्यावर तिच्यामागे येणारी मोठीही फिरकेना. तरी तू हट्टाने जाळं काढलं नाहीस. घरात चूल पेटेना म्हणून आई मिठागरावर गेली. तिचे पाय मिठाने फुटले, जखमा चिघळल्या, त्यातच ती गेली. आणि तू ओट्यावर बसून म्हणालास, "नशीब." कसलं नशीब, बा? तुझी हाव होती ती!

हे पत्र कुठल्या टपालात टाकणार? पेटीत तळाला जाईल. पण लिहितोच आहे तर सांगतो. फाट्यावरचं ते जाळं मीच विणलं; विणायला बसलो तेव्हा तू एकेका डोळ्याची रुंदी दोन बोटं मोजायला सांगितली होतीस. मी एकच मोजलं, तुला आवडेल म्हणून. तू ते गावभर मिरवलंस, माझ्या पाठीवर थाप मारलीस. उभ्या जन्मात तेवढी एकदाच. आई गेली तरी हे मी कुणाला सांगितलं नाही. ती थाप आठवली की मला अजूनही बरं वाटतं.