डोरीनच्या आजीनं ठरवलं

केलीव्हिल, सिडनी
१२ मे

अक्का,

पायांवर डोकं ठेवते. शंतनूला दुसरं बाळ व्हावं म्हणून तू येडाईला नवस बोलून चपला सोडल्यास. तुझा नातू कुशल म्हणतो, आजीच्या तळपायांना फोड आलेत. त्याबद्दलच लिहायचंय, पण जरा दमानं. फोनवर बोलले असते, पण तुझी सून स्पीकर लावते आणि अख्खी बार्शी ऐकते. चौथी शिकलेल्या बाईचं पत्र आहे, चुकलंमाकलं सुधारून वाच.

आम्ही मजेत. थंडी पडायला लागलीय. शंतनूच्या मयूराला मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. लाडू मात्र मराठीत मागते!

शेजारी डोरीन म्हणून म्हातारी आहे, ऐंशीच्या पुढची. आमची ही घरं आहेत ना, तिथं पूर्वी तिच्या माहेरची संत्र्यांची बाग होती. परवा तिनं दुपारच्या चहाला बोलावलं. सूनबाईला, सुखदाला, सोबत नेलं, नाहीतर इंग्रजीपुढं मी नुसती हसत बसते.

तिच्या भिंतीवर जुना फोटो. एक बाई खुर्चीत आणि भोवती पोरंच पोरं. मी मोजली, अकरा! ती डोरीनची पणजी. तिची आई विलायतेहून बोटीनं आलेली. शेजारी दुसरा फोटो, त्या अकरातल्याच एका मुलीचा, म्हणजे डोरीनच्या आजीचा. मांडीवर एक, बाजूला एक. बस्स.

मी विचारलं, "बाकीची कुठं खेळायला गेली?"

डोरीन एवढी हसली की चहा सांडला. "बाकीची नव्हतीच. आजीनं ठरवलं, दोन पुरे. तिच्या बहिणींनीही तसंच केलं."

अगं, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी! ना गोळ्या, ना काही. मी म्हटलं, "सुखदा, विचार ना, जमवलं कसं?" डोरीन तिच्या कानात बराच वेळ सांगत होती. सुखदा लाल. "आई, घरी सांगते." सांगितलं, पण ते मी लिहीत नाही. त्यात व्हिनेगर होतं, एवढंच.

मग म्हणे सरकार घाबरलं. गोरी माणसं कमी पडतील म्हणून साहेबांची समिती बसवली. तिनं बायकांनाच स्वार्थी ठरवलं. मी विचारलं, समितीत बायका किती? एकही नाही. आणि ज्यांचा हा मुलूख आधीपासून होता, त्या आदिवासींना धरलं का मोजणीत? डोरीननं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "नाही."

"आणि आजोबांनी ऐकलं?"

"न ऐकून काय करतील? स्वयंपाक आजीच्या हातात होता."

मी हसले. सुखदा हसली नाही. ते तेव्हा मला कळलं नाही.

संध्याकाळी फ्रीजरमधली मटारची पिशवी काढून मी पुलाव केला. शंतनू जेवायला बसला नि म्हणाला, "आई, मटार कुठले?"

"फ्रीजरच्या दाराजवळच्या पिशवीतले."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. सुखदा म्हणाली, "आई, ते खायचे मटार नव्हते."

अक्का, शंतनूनं ऑपरेशन करून घेतलंय. मूल न होण्याचं, पुरुषांचं असतं ते. मला सांगितलं होतं, क्रिकेट खेळताना लागलं! त्यानंतर सूज येऊ नये म्हणून इथे गार मटारची पिशवी ठेवतात. कुठं, ते तूच समज. पिशवी बंद होती, तरी पुलाव कुणाच्या घशाखाली उतरेना. पिझ्झा मागवला.

म्हणजे मयूरा एकटीच.

वाईट वाटलं. घटकाभर वाटलंच. पण सुखदाकडे बघितलं तर ती रडायच्या बेतात. मला भीत होती गं, मला! मी म्हटलं, "त्या समितीत मी नाही." तेव्हा कुठं ती हसली आणि मग रडलीच.

तू आजच चपला घाल. देवीला काय सांगायचं ते मी सांगेन, दोष माझ्या माथी.

एक विचारू? आपण आठ भावंडं. नवव्या वेळी आई गेली, तेव्हा मी दीड वर्षाची. मला तिचा चेहराही आठवत नाही. तू मोठी होतीस, तिच्याजवळ निजायचीस. 'आता पुरे' असं ती कधी म्हणाली का गं? कुणी तिला विचारलं तरी होतं का? आठवत असेल तर कळव. स्पीकरवर नको, लिहून.

तुझ्या कडेवर वाढलेली,
रेखा