टाकीच्या झाकणावरचं सील

४ एप्रिल २०१६, सोमवार

गाडी आज पुन्हा नक्षत्रवाडीच्या चढावर बंद. पंधरा दिवसांत पाचव्यांदा! मागं टँकरभर पाणी, पुढं गारखेड्याच्या सोसायटीत बाया बादल्या घेऊन उन्हात उभ्या, आणि आमचे ड्रायव्हर कडुबा रस्त्याच्या कडेला बिडी ओढत बसलेले. फोनवर म्हणतो, "साहेब, अर्धा घंटा थांबू द्या, लागंल आपोआप."

आपोआप! आणि अर्ध्या तासानं खरंच लागली. इथंच मला संशय आला. आजारी यंत्र आपोआप बरं होत नसतं. ढोंगी माणूस होतो.

फंडाच्या पैशातून हा जुना ट्रक घेतला तेव्हा बायको, पद्मजा, म्हणाली होती, "तुम्हाला सायकलची चेन बसवता येत नाही." मी ऐकलं नाही. शहर चहूकडं पसरतंय, नळ आठ-आठ दिवस कोरडे, टँकरवाल्यांना उसंत नाही. आपणच मागं का राहायचं? कडुबा गाडीबरोबरच आला, स्टेपनीसारखा. अकरा वर्षं हीच गाडी चालवतोय म्हणे. म्हणजे अकरा वर्षांची खोड असणार.

६ एप्रिल

एक बरं केलं, गेल्या महिन्यापासून डिझेलच्या टाकीला सील ठोकलं. तेहेतीस वर्षं कोषागारात काढली. रोज संध्याकाळी कुलपावर लाख, लाखेवर शिक्का. एकदाही काही इकडचं तिकडं झालं नाही. निवृत्त होताना सरकारी शिक्का परत केला, म्हणून गुलमंडीवरून स्वतःच्या नावाचा पितळी करून आणला. एक दिवसाआड मी स्वतः पंपावर जातो, डिझेल भरून घेतो, गाडी घरासमोर आणतो, मेणबत्तीवर लाख वितळवतो. झाकणाच्या मधोमध एक बारीक भोक होतं, तेही बुजवलं. चोराला सुईएवढी फट ठेवायची नसते.

कडुबा बघत उभा राहतो. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

८ एप्रिल, पाडवा

गाडीला हार घातला. हारासकट बंद पडली.

११ एप्रिल

शफीमिस्त्रीकडं गाडी लावली. त्यानं फिल्टर बदलला, डिझेल ओढणारा पंप बदलला, सेल्फ काढून साफ केला. तरी तीच रड. शेवटी एका डब्यात डिझेल भरलं, डबा केबिनमध्ये टांगला आणि नळी थेट त्यातून इंजिनाला दिली. शेंद्र्यापर्यंत जाऊन आला. एकदाही खोकली नाही!

"साब, इंजन में कुछ बी नहीं. जो है सो टाकी में है. टाकी खोल के देखना पड़ता."

सील मी तोडू दिलं नाही. तेल भरायच्या दिवसाखेरीज, पंचांशिवाय सील तुटत नसतं, हे त्याला काय कळणार! पण मुद्दा माझ्या ध्यानात आला. डब्यातलं डिझेल चालतं, टाकीतलं चालत नाही. याचा अर्थ कुणीतरी टाकीतलं काढतंय आणि वर रॉकेल ओततंय.

परतीच्या वाटेवर कडुबा म्हणाला, "साहेब, टाकीला दम खाऊ द्या की. लई आवळलंय तुम्ही तिला."

टाकीला दम! घरी आल्यापासून पद्मजाला हेच सांगून हसवतोय. ती हसली नाही, तो भाग वेगळा.

१५ एप्रिल

आज परीक्षा घेतली. सकाळी डिझेल भरलं आणि दिवसभर स्वतः केबिनमध्ये बसलो. मी गाडीत असताना सीलची गरज काय? झाकण नुसतं फिरवून ठेवलं. बिडकीनच्या विहिरीवरून तीन खेपा. गाडी एकदाही थांबली नाही, पहिल्या सेल्फला चालू!

साहेब बसले की गाडी शहाणी, साहेब उतरले की वेडी. आणखी कोणता पुरावा हवा? संध्याकाळी दुप्पट लाख ओतली.

कडुबा म्हणाला, "आज सील नव्हतं, साहेब."

मी म्हणालो, "आज मालक होता."

२० एप्रिल

सापडला!!

झाकणावरच्या लाखेत भोक. बारीक, काळजीपूर्वक पाडलेलं, बरोबर मध्यभागी. जुन्या भोकाच्याच जागी. भिंग लावून पाहिलं. दोन दिवस गाडी बंद का पडली नाही, ते आता कळलं. चोरी मनासारखी होत होती ना, मग कशाला बंद पाडेल!

त्याला विचारलं नाही. भोक बुजवलं. रविवारी सगळ्यांसमोर विचारीन. इतका आनंद निवृत्तीनंतर पहिल्यांदाच झाला, खोटं कशाला बोलू.

२४ एप्रिल, रविवार

शहराला लागूनच्या सातारा गावात खंडोबाच्या देवळासमोर कडुबाला उभं केलं. सोसायटीचे अध्यक्ष नानासाहेब होते, तीन-चार टँकरवाले होते, दर्शनाचे लोकही जमले. कडुबाची बायको आशाबाई नारळ घेऊन आली होती, ती तशीच खांबाशी थांबली. मी कडुबाला म्हणालो, "बेलभंडार उचल."

त्यानं उचलला. म्हणाला, "डिझेलचा थेंब घेतला नाय. भोक म्याच पाडलं. बाभळीच्या काट्यानं. टाकीत वारं गेलं नाय तर तेल खाली उतरत नाय, गाडी बंद पडती. साहेबाला किती बार सांगितलं."

मी म्हणालो, "भोक तुझं, पण डिझेल घेतलं नाही. मग भोक कशाला, वास घ्यायला?"

लोक खदखदून हसले. नानासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. कडुबानं भंडारा कपाळाला लावला आणि चावी माझ्या हातावर ठेवली. आशाबाईनं नारळ फोडलाच नाही. तो पदराखाली धरून ती त्याच्यामागं निघून गेली.

घरी येऊन पोटभर आमरस जेवलो.

२६ एप्रिल

पाण्याच्या सगळ्या पॉइंटवर सांगून ठेवलं — कडुबाला गाडी द्याल तर टाकी सांभाळा. दोघं टँकरवाले त्याला ठेवायच्या बेतात होते. आता नाहीत.

३ मे

नवा ड्रायव्हर पुंडलिक. भरवशाचा, अबोल. गाडी नक्षत्रवाडीला बंद.

कडुबा जाताना काहीतरी करून गेलाय.

५ मे

पुन्हा बंद. सोसायटीनं दुसरा टँकर बोलावला. नानासाहेब फोनवर म्हणाले, "चोर तर गेला ना, वैजनाथराव?" मी फोन ठेवला.

७ मे, शनिवार

दुपारी पद्मजा गोडेतेलाचा नवा डबा फोडत होती. खिळा ठेवून हातोडी मारली, एक भोक पाडलं. मग दुसऱ्या कोपऱ्यात दुसरं. मी सहज म्हणालो, "दोन कशाला? धूळ जाईल."

ती म्हणाली, "एकानं तेल कसं येईल? दुसऱ्यातून वारा आत नको का जायला?"

आणि तिनं दुसऱ्या भोकावर बोट ठेवून दाखवलं. धार बारीक झाली, गुळगुळ करत थांबली. बोट काढलं, धार सुरू.

तिनं पुन्हा एकदा करून दाखवलं. मला वाटतं, ती माझ्याकडंच बघत होती. मी जेवलो नाही.

८ मे

सकाळी एकटाच खाली गेलो. पुंडलिकला सुट्टी दिली होती. टाचणी तापवली आणि माझ्याच शिक्क्यावर, माझ्या नावाच्या मधोमध टोचली. टाकीनं सुस्कारा सोडला. खरोखरचा, माणसासारखा, कितीतरी वेळ. मग केबिनमध्ये चढून चावी फिरवली. सेल्फ अर्धा फिरला नाही तोच गाडी चालू.

तेहेतीस वर्षांत माझ्या हातून एक चूक झाली नाही. हे वाक्य आता कुठंही लिहिता यायचं नाही.

कुणाला सांगणार नाही. सांगायचं कुणाला? नानासाहेबांना? त्या देवळात परत जाऊन? लोक एकदा हसले, ते पुरे. पद्मजाला म्हणालो, नवा फिल्टर लागू पडला. ती "बरं" म्हणाली. फक्त "बरं".

भोक तसंच ठेवलंय.

१२ मे, गुरुवार

कडुबा आला. अर्ध्यानं वाळलाय. कुणी कामावर ठेवत नाही. आशाबाई शेंद्र्याकडं कुठल्याशा बांधकामावर विटा उचलते. दारात चपला काढून उभा राहिला, आत बोलावलं तरी येईना. पुंडलिक सोडून गेला, हे त्याला कुठूनतरी कळलं होतं.

म्हणाला, "साहेब, मीच घेतलं डिझेल. बेलभंडार खोटा उचलला. देव बघंल माझं काय ते. पर गाडी द्या."

मला ठाऊक होतं. समोरचा माणूस पोटासाठी देवासमोरचं खरं बोलणं खोटं ठरवतोय, आणि ते खोटं आहे हे त्याच्याइतकंच मलाही ठाऊक आहे. एक शब्द बोललो असतो तर त्याची मान वर झाली असती. जीभ वळली नाही. वळवली नाही, असंच लिहायला हवं.

मी कागद पुढं केला. म्हणालो, लेखी दे.

त्याला लिहिता येत नाही. मी मजकूर सांगितला, मीच लिहिला, त्यानं अंगठा दिला. पाकिटात घालून लाख लावली, शिक्का मारला. सवय.

म्हणालो, "उद्यापासून ये. माणसाकडून चुका होतात."

१३ मे

सकाळी कडुबानं टाकीचं झाकण पाहिलं. शिक्का पाहिला, शिक्क्यातलं भोक पाहिलं. जिना चढून वर आला. खिशातून बाभळीचा काटा काढून माझ्या टेबलावर, त्या सीलबंद पाकिटावर ठेवला.

"राहू द्या तुमच्यापाशी," म्हणाला. "शिक्का आता तुम्हीच फोडायचा."

आणि गाडी घेऊन पाण्याला गेला.