गॅसजवळचं आसन

बाबा, तुम्हाला माहीत असलेली वाघोली म्हणजे नगर रस्त्यावर एसटीच्या खिडकीतून दिसणारी शेतं. मी आता तिथेच राहते. शेतं गेली आणि आमच्यासारख्या कॉम्प्युटरवाल्यांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या. आई माझ्याकडेच असते आणि लिफ्टला अजूनही नावं ठेवते. तुमची नात दहावीला आहे, तिला तुम्ही पाहिलंच नाहीत. तुम्ही दिलेलं आसन मात्र या सगळ्या घरबदलांत माझ्याबरोबर आलं, आणि आज त्याच्याबद्दलच लिहायला बसले आहे.

मार्केट यार्डाजवळचं आपलं घर दोन खोल्यांचं. देवघर स्वयंपाकघरात, म्हणून तुमचं ध्यानही स्वयंपाकघरातच. पूजा आटोपली की कपाळावरचं गंध ओलं असतानाच तुम्ही मांडी घालून बसता, डोळे मिटता, आणि श्वासाबरोबर गुरूंनी दिलेलं नाम सुरू होतं. ते नाम कुठलं हे आईलाही ठाऊक नव्हतं, आणि आईला ठाऊक नाही अशी त्या घरात दुसरी गोष्ट नसावी. ओटा बुटका, बसून स्वयंपाक करायच्या काळातला, त्यामुळे गॅस तुमच्या उजव्या हाताशी. नेमकं त्याच वेळी नळाला पाणी येतं. आई दूध तापत ठेवून बादल्या भरायला जाते आणि जाता जाता म्हणते, "अहो, दुधाकडे बघा." डोळे मिटून बसलेल्या माणसाला बघा म्हणणारी ती एकटीच बायको असेल. पण तुम्ही बघायचात. दूध वर यायच्या आधी त्याची कुरकुर थांबते आणि आवाज जड होतो, असं तुम्ही मला एकदा सांगितलं होतंत. तो जड झाला की डोळे न उघडता तुमचा हात जायचा, गॅस बारीक व्हायचा आणि हात परत मांडीवर यायचा. मला ते अगदी साधं वाटायचं. सगळ्यांचे बाबा असंच करत असतील असं मी धरून चालले होते.

मी प्राथमिक शाळेत असताना एकदा शेजारच्या काकू आपल्याकडे आल्या आणि आईशी मोठमोठ्याने बोलायला लागल्या. मी ओठांवर बोट ठेवून त्यांना दटावलं, "शू! बाबांचं ध्यान चाललंय." तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत. माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "मी डोळे मिटलेत. घरानं तोंड मिटायचं काही कारण नाही. माफी माग त्यांची." मी रडत माफी मागितली. शांतता राखल्याबद्दल बोलणी खाल्लेली मुलगी पुण्यात मीच असेन, आणि पुण्यात दुपारी दाराची बेल वाजवली तरी लोक बोलतात. पुढे सुट्टीत तुमचा डबा घेऊन, तुम्ही दिवाणजी होतात त्या गूळ-भुसारच्या गाळ्यावर आले, तेव्हा लिलावाचा कल्ला चालला होता, ढेपा उतरत होत्या, आणि तुम्ही गादीवर डोळे मिटून बसला होतात. एक हमाल तुमच्या कानाशीच ओरडला, "डबा हितंच ठिवा ताई, दिवाणजी बसल्यात!" तुमची पापणीही हलली नाही. मला हसू आवरेना.

दूध उतू गेलेलं मला एकदाच आठवतं. आदल्या दिवशी कॉलेजात आलेल्या एका कॉम्प्युटर कंपनीनं मला नोकरी दिली होती. घराघरांतली मुलं तेव्हा कॉम्प्युटरकडे वळत होती, आणि आपल्या घरातून ऑफिसात बसायला निघालेली पहिली मुलगी मी. सकाळी आईच्या मागे मागे फिरत, नळापासून मोरीपर्यंत, मी सांगत होते : ऑफिसला काचेच्या भिंती आहेत, न्यायला बस येते, उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर लागतो म्हणे. बोलता बोलता करपल्याचा वास आला. दूध ओट्यावरून ओघळत तुमच्या धोतराशी आलं होतं. आई संतापली, "अहो, शेजारी बसून कळलं नाही?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "आज जरा जास्तच लागलं ध्यान." मग त्या संध्याकाळी मला हे लोकरी आसन आणून दिलंत. मी पेनाची वाट बघत होते. "खुर्चीतलं काम मिळालंय," तुम्ही म्हणालात, "रोज थोडा वेळ जमिनीवर बसत जा." मी ते कपाटात टाकलं.

ते बाहेर काढलं ते तुम्ही गेल्यावर किती तरी वर्षांनी. माझा तापटपणा तुम्हाला माहीत आहे. अमेरिकेतल्या लोकांशी गोड बोलून झालं की उरलेलं तिखट घरच्यांच्या वाट्याला यायचं. छातीत धडधड व्हायला लागली. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही, जरा शांत व्हा. शांत व्हा म्हटल्यावर कुणी शांत झालंय का कधी? पण मी शिबिराला गेले, प्राणायाम शिकले, श्वासाकडे लक्ष द्यायला शिकले, आणि खरं सांगते, बरं वाटायला लागलं. धडधड थांबली. शिबिरात मी सगळ्यांना तुमची ती दुधाची गोष्ट अभिमानानं सांगितली, माझ्या वडिलांची एकदा अशी समाधी लागली होती म्हणून. मग घरातली एक खोली मी ध्यानासाठी ठेवली. दार बंद, पडदे बंद. त्या वेळात मिक्सर लावायचा नाही, कुकर लावायचा नाही, फोन आला तर बाहेर जायचं. आईसुद्धा चपला हातात घेऊन चालायला लागली. माझी शांतता वाढत होती आणि मला ती माझी कमाई वाटत होती.

एका रविवारी ध्यान जरा लवकर संपलं. बाहेर आले तर लेक घरात नाही. ती जिन्यात पायरीवर बसून मैत्रिणीशी फोनवर बोलत होती, खदखदून हसत होती. असं हसताना मी तिला कितीतरी महिन्यांत ऐकलं नव्हतं. मला बघून तिनं फोन कापला, हसू पुसलं आणि विचारलं, "झालं का तुझं मेडिटेशन? येऊ का आत?" चिडून नाही विचारलं, बाबा. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं परक्या घरात शिरताना विचारतात तसं विचारलं. मला भीती वाटली. अजून दोन-तीन वर्षांत ही शिकायला बाहेर जाणार, आणि मी बंद दाराआड बसून तिला आत्ताच घालवते आहे, हे मला त्या जिन्यात कळलं. आईला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "आमच्यात नव्हती हो अशी पद्धत."

दुसऱ्या दिवसापासून आसन स्वयंपाकघरात आलं. आमचा ओटा उंच आणि माझे गुडघे हट्टी, म्हणून ओट्याशी खुर्ची ओढून तिच्यावर ते टाकते. जमिनीवर बसायचं तेवढं राहिलंच. लेकीला वाटलं हे दोन दिवसांचं खूळ आहे. मग हळूहळू मिक्सर परत लागला, आईच्या चपला परत वाजायला लागल्या. मन कुठे कुठे जातं. चिडचिडही होते, पण श्वास तिथेच असतो, त्याला धरून परत येते. दूध ठेवून लेक म्हणते, "आई, बघशील ना?" तो जड आवाज मला ओळखता येत नव्हता, मी एक डोळा किलकिला करून बघायची. "चीटिंग!" म्हणून ती ओरडायची.

आज सकाळी तो मला पहिल्यांदा ऐकू आला. कुरकुर थांबली, आवाज जड झाला, अगदी तुम्ही सांगितला होतात तसा. हात उचलायचा एवढंच बाकी होतं. पण तेवढ्यात बाथरूममध्ये लेक गायला लागली, पूर्वीसारखी, बेसूर, गळा काढून. मी तशीच बसून राहिले. दूध गेलं. आई धावत आली, "अगं, शेजारी बसून कळलं नाही?"

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं तेही मला माहीत नाही, ते आसनाखालीच राहील. पण तुम्हाला सांगून ठेवते, बाबा. मला कळलं होतं. आईला मात्र मी म्हटलं, आज जरा जास्तच लागलं ध्यान.